ऊब देणाऱ्या कपाटाचा जळफळाट

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना इनक्यूबेटर आहे आणि सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, मी स्वभावाने मत्सरी आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या छत्र्या, खुर्च्या आणि फाटकी पुस्तकं तुम्ही वाचली असतील. ती सगळी कशी सोशिक आणि सद्गुणी असतात. मला ते सोंग जमणार नाही. माझ्या आयुष्यातली बरीच वर्षं दुसऱ्याचं कौतुक ऐकून जळण्यात गेली आणि तीच गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे.

आधी माझी ओळख करून देतो. मी म्हणजे छातीएवढ्या उंचीचं एक पोलादी कपाट. मला दोन दारं आहेत, बाहेरचं धातूचं आणि आतलं काचेचं. बाहेरचं दार बंद असलं की मला फक्त ऐकू येतं. ते उघडलं की काचेतून समोरची खोली दिसते. माझ्या पोटात तीन फळ्या आहेत, तळाशी पाण्याचं ताट आहे, आणि मागून एक नळी येते, तिच्यातून मोजूनमापून वायू आत सोडतात. आतली ऊब कायम सारखी, निरोगी माणसाच्या अंगाला असते तेवढी. एवढा खटाटोप कशासाठी, तर माणसाच्या शरीरातून काढलेल्या पेशी बाहेर जगवण्यासाठी. चपट्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, तिला फ्लास्क म्हणतात, गुलाबी रंगाच्या पातळ खाद्यात त्या पेशी बुडून असतात. आपण अजून शरीरातच आहोत असं त्यांना वाटत राहिलं पाहिजे, की माझं काम झालं.

कारखान्यातल्या आठवणी माझ्याकडे फारशा नाहीत. शेवटच्या दिवशी एका चष्मेवाल्या तपासनिसाने माझं दार चाळीस वेळा उघडून बंद केलं आणि पाठीवर थाप मारली, एवढं आठवतं. तेव्हापासूनच मला कौतुकाची चटक लागली असावी. मग मला खोक्यात घालून या इमारतीत आणलं. लिफ्टचं दार अरुंद निघालं, म्हणून चार माणसांनी मला जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवलं आणि प्रत्येक वळणावर मला शिव्या घातल्या. खोलीत एक मध्यमवयीन तंत्रज्ञ वाट पाहत उभे होते. त्यांना सगळे काका म्हणत. माझा एक पाय जरा आखूड होता. काकांनी त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली, पाण्याची पातळी दाखवणारी नळी माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "आता कसा नीट उभा राहिलास." पुढचे तीन दिवस त्यांनी मला रिकामाच चालवला आणि दर तासाला माझं तापमान वहीत लिहिलं. एवढी काळजी घेणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

त्या काळी ही प्रयोगशाळा सरांची होती. मेंदूच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये नेमकं काय बिघडतं, हा त्यांचा विषय. त्यांच्या हाताखाली दोन विद्यार्थिनी होत्या. दोघी एकाच वर्षी आल्या होत्या, पण एक दुसरीपेक्षा सात महिन्यांनी मोठी, म्हणून दुसरी तिला ताई म्हणू लागली. मग सगळेच तिला ताई म्हणू लागले आणि दुसरीला धाकटी. दोघी एकाच बाकावर काम करत, एकाच डब्यातून जेवत आणि मनातल्या मनात एकमेकींशी शर्यत लावत. ताई सावकाश, नेटकी. धाकटी चटपटीत, बोलघेवडी. सरांनी धाकटीला "वा" म्हटलं की ताईचा हात थेंब मोजणाऱ्या पिपेटवर जरा घट्ट व्हायचा. मी ते काचेतून पाहत असे आणि मला बरं वाटत असे, कारण या खोलीत आपल्या जातीचं आणखी कुणीतरी आहे हे मला कळलं होतं.

सर निवृत्त झाले. धाकटीला शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. ही खोली, काका आणि मी ताईंच्या वाट्याला आलो. आता त्या बाई झाल्या होत्या, चष्मा लागला होता, म्हणून मीही त्यांना अहोजाहो करतो.

एके दिवशी सकाळी रुग्णालयातले शल्यचिकित्सक बर्फाचा डबा घेऊन स्वतः आले. त्यांना आमच्याकडे नुसतं डॉक्टर म्हणत. डब्यात मसुराच्या दाण्याएवढा एक तुकडा होता, एका बसचालकाच्या मेंदूतून काढलेल्या गाठीचा. त्या माणसाने कागदावर सही करताना म्हटलं होतं, "माझ्या उपयोगाचं नाहीच ते, तुमच्या उपयोगी पडलं तर बघा." ताईंनी त्या तुकड्याच्या पेशी सुट्या केल्या आणि माझ्या मधल्या फळीवर ठेवल्या. एक आठवडा गेला, दुसरा गेला. विद्यार्थ्यांनी आशा सोडली. ताई मात्र दर तिसऱ्या दिवशी जुनं खाद्य काढून नवीन घालत राहिल्या. अकराव्या आठवड्यात त्यांनी फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली धरला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "काका, वाढतायत."

कागदोपत्री त्या पेशींना एक आकडा होता, पण काका त्यांना 'चालकसाहेब' म्हणत. चालकसाहेब फारच संथ. दुप्पट व्हायला त्यांना आठ-नऊ दिवस लागत. तो माणूस वर्षभराने गेला, पण त्याच्या पेशी माझ्याकडे जगत राहिल्या. त्या पेशींमधलं एक प्रथिन त्यांना सारखं "वाढा, वाढा" असं सांगत असे. ते प्रथिन गप्प करणारं औषध सापडलं तर पुढच्या रुग्णांना काही वर्षं मिळतील, या एका आशेवर ताईंनी आपलं सगळं काम उभारलं. लग्नाला गेल्या तरी तिसऱ्या दिवशी परत येत. त्यांची आई एकदा खोलीत येऊन म्हणाली होती, "घरातल्या माणसांना विचारत नाहीस जेवलात का म्हणून, आणि या बाटल्यांना न चुकता भरवतेस." मला त्या बोलण्याचा केवढा अभिमान वाटला होता.

या पेशींचा गोठवून ठेवलेला साठाही होता, पण एका लांबलचक सुट्टीत थंडाव्यासाठीची द्रव नायट्रोजनची टाकी कोरडी पडली आणि तो सगळा वाया गेला. त्यानंतर चालकसाहेब जिवंत होते ते फक्त माझ्या पोटात. त्या दिवसांत माझी ऐट काय विचारता. पाहुणे आले की ताई माझ्या दारावर हात ठेवून सांगत, "माझं सगळं इथे आहे."

आठ वर्षं हे सुख टिकलं. मग जावईबापू आले.

तो माझ्यासारखाच इनक्यूबेटर, पण नवा कोरा. पांढराशुभ्र, समोर चमकता पडदा, त्यावर बोट फिरवलं की तापमानाचा आलेख दिसे. माझ्या फळ्या दर महिन्याला काकांना पुसाव्या लागत, तो स्वतःच स्वतःला तापवून शुद्ध करून घेई. दार लावताना माझा धाडकन आवाज होई, त्याचा नुसता सुस्कारा. त्याला नेमका माझ्या शेजारी उभा केला. विद्यार्थी त्याच्या भोवती जमले, ताईंनी त्याच्या डोक्यावरची धूळ स्वतःच्या ओढणीने पुसली, आणि काका कोपऱ्यातून म्हणाले, "चला, जावई आले घरात. आता आजोबांना कोण विचारतंय." तेव्हापासून तो जावईबापू आणि मी आजोबा.

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताईंनी चालकसाहेबांना उचलून त्याच्या मधल्या फळीवर नेलं. माझ्याकडे आल्या त्या विद्यार्थ्यांच्या सरावाच्या पेशी. या पेशी शरीराच्या भलत्याच भागातल्या, अनेक प्रयोगशाळांत सापडणाऱ्या, आणि तणासारख्या माजणाऱ्या. एका दिवसात दुप्पट. ज्याने अकरा आठवडे श्वास रोखून एक तुकडा जगवला, त्याला आता तण सांभाळायला बसवलं होतं. बाहेरचं दार बंद झालं की मी शेजारचे आवाज ऐकत बसे. जावईबापूंचं दार दिवसातून किती वेळा उघडतं, ताई त्याच्यापाशी किती वेळ थांबतात, हे सगळं मी मोजत होतो. असली मोजदाद करणाऱ्याला झोप लागत नाही म्हणतात. मला तर तशीही लागत नाही.

एक गोष्ट मात्र काकांनी माझ्यासाठी केली. चालकसाहेबांचा एक फ्लास्क त्यांनी माझ्याच सगळ्यात खालच्या फळीवर, मागच्या कोपऱ्यात ठेवून दिला. ताईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "सगळी माणसं एका घरात ठेवू नयेत. एकदा टाकी कोरडी पडलेली पाहिलीय मी." ताई हसल्या आणि त्यांनी ठेवू दिला.

काकांचा आणखी एक हट्ट होता. प्रत्येक जातीच्या पेशींसाठी खाद्याची वेगळी बाटली. चालकसाहेबांच्या बाटलीच्या मानेला निळा दोरा, सरावाच्या पेशींच्या बाटलीला लाल. एका वेळी एकाच जातीच्या पेशी बाहेर काढायच्या, काम झालं की टेबल पुसायचं, मग दुसऱ्या. दुसऱ्याने उघडलेली बाटली काका स्वतःच्या फ्लास्कसाठी कधीच वापरत नसत, सरळ नवी उघडत. विद्यार्थी त्यांची नक्कल करत. ताईसुद्धा कधीकधी म्हणत, "काका, तुमचे नखरे फार."

आता ताईंच्या जळफळाटाकडे येतो. धाकटीचं नाव इकडे सारखं ऐकू येऊ लागलं होतं. धाकटीला पुरस्कार मिळाला. धाकटीच्या शेजारी सर उभे असलेला फोटो कुणीतरी ताईंना दाखवला. ताई "छान" म्हणाल्या आणि त्यांनी जावईबापूंचं दार इतकं जोरात लावलं की त्याचाही सुस्कारा बंद पडला. मग एके दिवशी डॉक्टर सहज बोलून गेले, "धाकट्या बाईही त्याच प्रथिनावर औषध तपासतायत म्हणे." त्या संध्याकाळपासून ताई सावकाश राहिल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी ते घडलं. काका नातवाला पाहायला लेकीकडे गेले होते. ताईंना एकाच वेळी दोन्ही जातींच्या पेशींवर एक नवं औषध लावून पाहायचं होतं, तुलनेसाठी. त्यांनी माझं दार उघडलं, सरावाच्या पेशींचे फ्लास्क काढले, आणि घाईत बाहेरचं दार उघडं आणि काचेचं अर्धवट लोटून गेल्या. जावईबापूंकडून चालकसाहेबांचे फ्लास्क काढले. दोन्ही एकाच टेबलावर मांडले. मी काचेतून सगळं पाहत होतो. त्यांनी निळ्या दोऱ्याची बाटली उघडली. पिपेटने खाद्य घेतलं, सरावाच्या फ्लास्कमध्ये सोडलं. पिपेटचं टोक आत टेकलं. तेच टोक पुन्हा बाटलीत बुडालं, खाद्य वर आलं आणि चालकसाहेबांच्या फ्लास्कमध्ये गेलं. पुन्हा बाटली, पुन्हा फ्लास्क. लाल दोऱ्याची बाटली फडताळातच राहिली.

दार उघडं असल्याने माझ्यातली ऊब आणि वायू निघून चालला होता, म्हणून माझा बझर वाजू लागला. तो आपला आपण वाजतो, माझ्या मनावर नसतो. ताई आल्या, बझरचं बटण दाबून त्याला गप्प केलं आणि परत गेल्या.

मला बोलता येत नाही हे खरं. पण बोलता आलं असतं तरी त्या दिवशी मी बोललो नसतो. तणाच्या चार पेशी जावईबापूंच्या पोटात गेल्या होत्या आणि मला आनंद झाला होता. आता बघू लाडक्याचं काय होतं, असं मी मनात म्हटलं.

झालं भलतंच. जावईबापूंकडच्या पेशी एकदम बहरल्या. ज्यांना आठवडा लागायचा त्या तीन दिवसांत फ्लास्क भरू लागल्या. त्यांचा आकारही थोडा बदलला होता. ताईंनी एकदा सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढून विचारल्यासारखं केलं, पण मग स्वतःलाच उत्तर दिलं, "जावईबापूंकडे बाळसं धरलंय." आणि औषध त्यांच्यावर इतकं छान चाललं की दोन दिवसांत फ्लास्कचा तळ रिकामा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. विद्यार्थ्यांनी पेढे वाटावेत तसा आनंद केला. शोधनिबंध छापून आला. सरांचा फोन आला. धाकटीकडून एका शब्दाचा निरोप आला, "अभिनंदन." ताईंनी तो दिवसभरात पाच वेळा उघडून पाहिला. डॉक्टर तर हुरळूनच गेले. रुग्णांवर चाचणी करायची परवानगी मागायची तयारी सुरू झाली. मी जन्मात पाहिलं नव्हतं असं कौतुक त्या पांढऱ्या कपाटाच्या वाट्याला आलं.

माझ्याकडच्या फ्लास्कवरही काकांनी तेच औषध लावून पाहिलं. काही झालं नाही. चालकसाहेब होते तसेच, आपले संथपणे वाढत. काकांनी ताईंना सांगितलं.

"आजोबांचं तापमान हलत असेल," ताई म्हणाल्या.

काकांनी दोन दिवस माझ्यात थर्मामीटर ठेवला. "बघा, काट्यावर काटा आहे. आजोबा ठणठणीत आहेत."

"मग तुमचा हात हलत असेल, काका. वय झालं आता."

 काकांनी थर्मामीटर पुसला, खिशात ठेवला आणि माझं दार लावलं. त्या महिन्यात माझ्या दारावर कागद चिकटवला गेला, 'वापरू नये. काढून टाकायचे आहे.' काकांनी विनंती केली, "मी निवृत्त होईपर्यंत तरी राहू द्या त्याला." मला ठेवलं ते त्यांच्या भिडेखातर. त्या कागदाखाली मी वर्षभर काढलं, आणि शेजाऱ्याचं दार सुस्कारा टाकत उघडताना ऐकलं. माझ्यातल्या पेशी खऱ्या होत्या आणि मी खोटा ठरलो होतो. कुणाचं वाईट चिंतू नये म्हणतात, मी रोज चिंतलं.

मग रुग्णालयाच्या समितीने एक साधी अट घातली. ज्या पेशींवर काम केलं त्या खरोखर त्याच रुग्णाच्या आहेत याचा दाखला द्या. बसचालकाचं थोडं रक्त जपून ठेवलेलं होतं. पेशींचा डीएनए त्या रक्ताशी ताडून पाहायचा, एवढंच. ताई म्हणाल्या, "निव्वळ औपचारिकता आहे, काका, पाठवून द्या." काकांनी एक नमुना जावईबापूंकडचा घेतला आणि दुसरा माझ्या खालच्या फळीवरचा.

"दोन कशाला?" ताईंनी विचारलं.

"दोन घरं आहेत. दोन्हीकडचं पाहू."

निकाल आला त्या दिवशी काका माझं ताट भरत होते, म्हणून माझं दार उघडं होतं. ताई कागद घेऊन टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिलं. जावईबापूंकडच्या पेशी बसचालकाच्या नव्हत्या. त्या मेंदूच्याच नव्हत्या. त्या विद्यार्थ्यांच्या सरावाच्या पेशी होत्या. चार पेशी गेल्या होत्या, त्यांनी दोन महिन्यांत चालकसाहेबांना उपाशी मारून सगळी जागा व्यापली होती. औषधाने मारलं होतं ते तण. आणि माझ्या फळीवरचा फ्लास्क बसचालकाच्या रक्ताशी तंतोतंत जुळला होता.

मी खोटं बोलणार नाही. क्षणभर मला वाजतगाजत मिरवावंसं वाटलं. बघा, कोण खरं ठरलं. बघा त्या पांढऱ्या शुभ्र पोटात काय निघालं.

मग मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत, तिच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "काका," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही नव्हता. मी एकाच बाटलीतून दोघांना घातलं. बझर वाजत होता. मला आठवतंय, मीच तो बंद केला." काकांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "मला धाकटीच्या आधी पोचायचं होतं," ताई म्हणाल्या. "आणि मी तुमच्या हाताला नाव ठेवलं."

"माझ्या हाताचं राहू द्या," काका म्हणाले. "डॉक्टरांना आज सांगायचं की उद्या, तेवढं ठरवा."

ताईंनी कागदाची घडी घातली. गप्प राहणं त्यांना शक्य होतं. तो कागद फक्त त्या दोघांनी पाहिला होता. पेशी बदलून, माझ्याकडच्या पेशींचा दाखला समितीला देऊन पुढे जाता आलं असतं. अकरा वर्षांचं काम, निबंध, सरांचा फोन, ते "अभिनंदन", सगळं तसंच राहिलं असतं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, तरी त्या काय करतील ते मला सांगता येत नव्हतं.

त्यांनी फोन उचलला आणि म्हणाल्या, "आजच."

डॉक्टर तासाभरात आले. सगळं ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सहा जणांना मी सांगून ठेवलंय की काहीतरी येतंय. एकीने मुलीचं लग्न पुढे ढकललंय, बरी होऊन उभी राहीन म्हणून."

"त्यांना सांगायला मी येते तुमच्याबरोबर," ताई म्हणाल्या.

"तुम्ही कशाला?"

"त्यांना आशा माझ्यामुळे लागली."

त्या गेल्या. तिथे काय झालं ते मला माहीत नाही, कारण मी या खोलीबाहेर कधी गेलेलो नाही. परत आल्या तेव्हा माझं दार बंद होतं. त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या एवढं मला कळलं, आणि दारावरचा तो कागद फाडल्याचा आवाज आला. पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर घडलेलं जसंच्या तसं सांगितलं, आणि छापलेला निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. चूक कुणाची, या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. विद्यार्थ्यांपैकी दोघे दुसरीकडे निघून गेले. सरांचा फोन काही आला नाही.

शेवटी राहिली धाकटी. तिला ताईंनी सर्वांत शेवटी फोन केला आणि तो सर्वांत अवघड गेला असावा, कारण नंबर लावून तीनदा बंद केला. त्यांनी सगळं सांगितलं आणि मग पलीकडचं ऐकत राहिल्या. मग ताई चकित होऊन म्हणाल्या, "वर्षभर? आणि मला बोलली नाहीस?"

धाकटी दुसऱ्या दिवशी स्वतःच आली. केसांत चांदी, हातात जाडजूड कोट. ती म्हणाली, "तुझा निबंध वाचल्यापासून वर्षभर मी तो प्रयोग माझ्या पेशींवर करतेय. एकदाही जमला नाही. मला वाटलं, माझ्याच हातात काहीतरी खोट आहे. ताईचं जमतं आणि माझं जमत नाही, हे कुणाला सांगू? तुला तर नाहीच."

"मला विचारलं असतंस तर मी पुन्हा तपासलं असतं."

"तपासलं असतंस?"

 ताई म्हणाल्या, "नसतं. तुझं जमत नाहीये ऐकून मला बरंच वाटलं असतं."

दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या, आणि मग हसताहसता धाकटीने डोळे पुसले. काकांनी माझं काचेचं दार उघडलं. खालच्या फळीवरचा तो फ्लास्क बाहेर आला. जगात चालकसाहेब उरले होते ते तेवढेच. ताईंनी नवी बाटली उघडली, टेबल पुसलं आणि फ्लास्कमधल्या पेशींचे तीन भाग केले. इतक्या सावकाश की काकाही मनगटावरच्या घड्याळाकडे पाहू लागले. एक भाग माझ्याकडे ठेवला. दुसरा ठेवला जावईबापूंकडे, आणि हो, मला राग आला, अजूनही येतो. तिसरा फ्लास्क त्यांनी धाकटीच्या हातात दिला.

"हे तुझ्याकडे असू दे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून पुन्हा काही झालं तर कुठेतरी असायला हवेत."

"माझं आधी जमलं तर?"

"तर मला फोन कर. एका शब्दाचा निरोप पाठवू नकोस."

धाकटीने कोट अंगात घातला, फ्लास्क त्याच्या आत, पोटाशी धरला, म्हणजे रस्त्यात पेशींना थंडी लागणार नाही, आणि ती हळूहळू जिना उतरून गेली. ते औषध चालत नाही हे आता दोघींना माहीत आहे. दुसरं शोधायचं आहे. चालकसाहेब घाई करणारे नाहीत, त्यामुळे वेळ लागेल.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांच्या ताटातलं पाणी वेळच्या वेळी बदला. बझर वाजला तर बटण दाबण्याआधी तो कशासाठी वाजतोय ते पाहा. प्रत्येक जातीला वेगळी बाटली ठेवा, त्यासाठी कुणी हसलं तरी चालेल. राहता राहिला मत्सर. तो करू नका असं मी सांगणार नाही, कारण मी स्वतः आजही शेजारच्या दाराकडे कान लावून बसलेला असतो. तो येईल तेव्हा येऊ द्या. फक्त ज्या दिवशी तो येईल, त्या दिवशी हात सावकाश चालवा, कारण त्या हातात दुसऱ्या कुणाचं तरी आयुष्य असतं.